पर्याय झाकून उत्तर द्या : इंग्रजीच्या सरावाविषयी

पत्राचा सारांश : सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातून एका पंचवीस वर्षांच्या वाचक भगिनीने पत्र लिहिले आहे. त्यांचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून त्या विज्ञान शाखेच्या पदवीधर आहेत. सांगलीच्या विश्रामबाग परिसरातील एका अभ्यासिकेत बसून त्या एमपीएससीच्या, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या, संयुक्त परीक्षेची तयारी करत आहेत. इंग्रजी व्याकरण आणि शब्दसंग्रह यांसाठी त्या मोबाइलवरील ॲपवर रोज दीडशे बहुपर्यायी प्रश्न सोडवतात आणि तिथे त्यांना शंभरात ऐंशी ते पंच्याऐंशी गुण मिळतात. आयोगाची जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवली की मात्र गाडी निम्म्यावर अडते. शब्दार्थ बऱ्यापैकी जमतात. उपपदे (‘अ’, ‘ॲन’, ‘द’), शब्दयोगी अव्यये, काळ आणि ‘वाक्यातील चुकीचा भाग ओळखा’ या प्रकारांत गुण जातात. अभ्यासिकेतील इंग्रजी माध्यमाच्या मैत्रिणी नियम न आठवताच उत्तर देतात, हे पाहून आपला पाया मुळातच कच्चा आहे असे त्यांना वाटू लागले आहे. थोरल्या भावाचे म्हणणे असे, की इंग्रजीचा नाद सोडून मराठी आणि सामान्य अध्ययनावर जोर द्यावा. प्रश्नांची संख्या तीनशेवर न्यावी, शब्दांच्या याद्या पाठ कराव्यात, की पुण्यातील क्लास लावावा, असा त्यांचा प्रश्न आहे. क्लासच्या फीसाठी घरच्यांनी पैशांची तयारी दाखवली आहे.

प्रिय भगिनी,

तुम्ही दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले आहेत, ॲपवरचे ऐंशी आणि आयोगाच्या प्रश्नपत्रिकेतले पन्नास, आणि त्या दोहोंमधील तफावतीचा अर्थ तुम्ही ‘माझा पाया कच्चा आहे’ असा लावला आहे. मला तो पटत नाही. पाया खरोखर कच्चा असता, तर गुण दोन्हीकडे कमी पडले असते. एकीकडे जमते आणि दुसरीकडे जमत नाही, याचा अर्थ सरावाची जी पद्धत तुम्ही अंगवळणी पाडून घेतली आहे ती ॲपवर पुरते आणि परीक्षेत पुरत नाही. म्हणून संख्या वाढवण्याचा विचार करण्याआधी ही पद्धत तपासून पाहू.

एक छोटी चाचणी घ्या. ज्या प्रश्नसंचात तुम्हाला मागच्या महिन्यात चांगले गुण मिळाले होते, त्यातील वीस प्रश्न घरातल्या कोणाकडून तरी कोऱ्या कागदावर उतरवून घ्या, मात्र पर्याय उतरवू देऊ नका. आता गाळलेल्या जागा स्वतःच्या मनाने भरा. माझा अंदाज आहे, की बरोबर उत्तरांची संख्या ॲपवरच्या गुणांपेक्षा आयोगाच्या प्रश्नपत्रिकेतील गुणांच्या जवळ जाईल. पर्याय समोर असताना आपण उत्तर ओळखतो. पर्याय नसताना ते आठवावे लागते किंवा तयार करावे लागते. ही दोन वेगळी कामे आहेत. त्यात ॲपवर तेच प्रश्न थोड्याफार फरकाने पुन्हा समोर येत राहतात, त्यामुळे वाक्याचा पहिला शब्द दिसताच बोट आपसूक तिसऱ्या पर्यायाकडे जाते आणि आपल्याला वाटते की नियम कळला.

बहुपर्यायी प्रश्न हा प्रकार मुळात शिकवण्यासाठी जन्माला आलेला नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली यांनी १९१४-१५ च्या सुमारास शाळकरी मुलांच्या वाचनाची जी चाचणी तयार केली, तिच्यापासून या प्रकाराची सुरुवात मानली जाते. तपासणाऱ्या शिक्षकांनुसार गुण बदलू नयेत आणि तपासणी झटपट व्हावी, हा तिचा हेतू होता. लाखो उमेदवारांच्या परीक्षेसाठी तो आजही योग्यच आहे. आपण मात्र मोजण्याच्या या साधनालाच अभ्यासाचे साधन बनवले आहे, आणि तसे करायला हरकत नसली तरी त्याची काही पथ्ये पाळावी लागतात.

हेन्री रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या पथ्यांचे कारण सापडते. बहुपर्यायी चाचणी दिल्याने विद्यार्थ्यांना पुढच्या चाचणीत एकंदरीत फायदा झाला, पण त्याच वेळी त्यांनी निवडलेले चुकीचे पर्यायही त्यांच्या डोक्यात बसले आणि नंतर, पर्याय नसलेल्या चाचणीत, तेच उत्तर म्हणून बाहेर आले. अँड्र्यू बटलर आणि रोडिगर यांनी २००८ मध्ये दाखवून दिले, की चाचणीनंतर बरोबर उत्तर कळवले तर हे नुकसान बरेच कमी होते. याचा तुमच्यापुरता अर्थ असा, की दीडशे प्रश्न सोडवून, हिरवे-लाल निशाण पाहून आणि एकूण गुण वाचून ॲप बंद केले, तर त्या दिवशी चुकलेल्या पंचवीस-तीस प्रश्नांतील चुकीची वाक्ये तुम्ही एका अर्थी पाठच केली. तीनशे प्रश्न सोडवाल, तर अशी वाक्ये दुप्पट होतील.

म्हणून माझी पहिली सूचना : प्रश्न तीसवर आणा आणि प्रत्येक प्रश्नाचे पर्याय आधी झाका. छापील पुस्तक असेल तर कागदाची पट्टी ठेवा, मोबाइल असेल तर तळहात पुरतो. वाक्य वाचा, उत्तर वहीत लिहा आणि मगच पर्याय उघडा. एक उदाहरण घेऊ. ‘शी ... इन सांगली सिन्स २०१९’ असे वाक्य आहे आणि ‘लिव्ह्ज’, ‘इज लिव्हिंग’, ‘हॅज बीन लिव्हिंग’, ‘वॉज लिव्हिंग’ हे चार पर्याय आहेत. तुम्ही ॲपवर याचे उत्तर क्षणात द्याल, कारण ‘सिन्स’ दिसले की ‘हॅज बीन’ निवडायचे हे तुमच्या बोटांना ठाऊक झाले आहे. पण पुढचाच प्रश्न ‘सिन्स इट ... हेव्हिली, वी स्टेड ॲट होम’ असा आला तर? इथे ‘सिन्स’ काळ दाखवत नसून कारण दाखवतो, आणि ‘हॅज बीन रेनिंग’ हा पर्याय तुम्हाला फसवण्यासाठीच ठेवलेला असतो. उत्तर ‘वॉज रेनिंग’ हे आहे. ज्याने पर्याय झाकून वाक्याचा अर्थ आधी लावला, तो या सापळ्यात सापडत नाही. खुणेवरून उत्तर देण्याची सवय ॲपवर गुण देते आणि विचारपूर्वक काढलेल्या प्रश्नपत्रिकेत ते परत घेते.

पर्याय उघडल्यानंतरचे काम याहून महत्त्वाचे आहे. उत्तर बरोबर आले तरी उरलेले तीन पर्याय का चुकले, हे प्रत्येकी एका ओळीत लिहा, आणि शक्य असेल तिथे वाक्यात कोणता बदल केला असता तर तो चुकीचा पर्याय बरोबर ठरला असता, हेही लिहा. वरच्या पहिल्या वाक्यात ‘सिन्स २०१९’ काढून ‘इन २०१९’ केले, की ‘वॉज लिव्हिंग’ बरोबर ठरते. ‘एव्हरी समर’ असे लिहिले, तर ‘लिव्ह्ज’ चालते. ‘फॉर फाइव्ह इयर्स’ केले, तर ‘हॅज बीन लिव्हिंग’ म्हणजे ती अजून सांगलीत आहे, आणि ‘लिव्ह्ड’ असा पर्याय दिला असता तर तोही व्याकरणाने बरोबर ठरला असता, फक्त अर्थ बदलून ती आता तिथे राहत नाही असा झाला असता. एका प्रश्नातून चार वाक्ये झाली आणि काळांचा एक संपूर्ण धडा पदरात पडला. असे तीस प्रश्न करायला दीड-दोन तास लागतील. सुरुवातीला ही गती फार कमी वाटेल आणि शेजारी बसलेली मुलगी शंभरावा प्रश्न सोडवत असेल. तिकडे पाहू नका.

आता तुमचे गुण नेमके कुठे जातात ते पाहू. उपपदे, शब्दयोगी अव्यये आणि काळ, ही तुम्ही दिलेली यादी वाचताच मला वाटले, की इथे चूक इंग्रजीच्या अज्ञानाची कमी आणि मराठी वाक्याच्या ओढीची जास्त आहे. आपण ‘ती २०१९ पासून सांगलीत राहते’ असे साध्या वर्तमानकाळात म्हणतो, म्हणून मन ‘लिव्ह्ज’कडे झुकते. आपण ‘विषयावर चर्चा’ करतो, म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘ऑन’ किंवा ‘अबाउट’ लावावेसे वाटते, प्रत्यक्षात तिथे काहीच लागत नाही. आपले लग्न कोणाशी तरी होते, म्हणून ‘मॅरिड विथ’ बरोबर वाटते, पण इंग्रजीत ‘मॅरिड टू’ म्हणतात. आपण ‘स्टेशनला’ पोहोचतो, म्हणून ‘रीच्ड टू द स्टेशन’ कानाला खटकत नाही. हवे असते नुसते ‘रीच्ड द स्टेशन’. या चुका मोजक्या आहेत आणि मराठी भाषकांकडून त्याच त्याच होतात, हे फार दिलासा देणारे आहे, कारण मोजक्या चुका गाठता येतात. वहीची काही पाने फक्त यासाठी ठेवा : डावीकडे मराठी वाक्य, उजवीकडे बरोबर इंग्रजी वाक्य. तिथे चुकीचे इंग्रजी वाक्य लिहू नका, ते पुन्हा डोळ्यांपुढे यायला नको.

मराठी नेहमी अडवतेच असेही नाही. ‘ॲन’ की ‘अ’ हा प्रश्न इंग्रजी स्पेलिंगकडे पाहून सोडवणारे अनेकजण चुकतात, कारण नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे. हाच शब्द देवनागरीत लिहून पाहा. ‘युनिव्हर्सिटी’ आणि ‘युरोपियन’ यांची सुरुवात ‘य’ या व्यंजनाने होते, म्हणून ‘अ’. ‘अवर’ आणि ‘ऑनेस्ट’ यांची सुरुवात स्वराने होते, म्हणून ‘ॲन’. ‘एमएलए’ स्वराने सुरू होतो, म्हणून ‘ॲन एमएलए’. ‘वन-रुपी कॉइन’ ‘व’ने, म्हणून ‘अ’. आपली लिपी उच्चार दाखवते आणि इथे ती इंग्रजी स्पेलिंगपेक्षा भरवशाची ठरते. कर्ता आणि क्रियापद यांच्या मेळाचेही तसेच आहे. ‘द क्वालिटी ऑफ द ग्रेप्स फ्रॉम तासगाव ... गुड’ या वाक्यात ‘ग्रेप्स’ पाहून ‘वेअर’ लिहावेसे वाटते. पण ‘तासगावच्या द्राक्षांचा दर्जा चांगला होता’ हे वाक्य म्हणताना ‘होता’ हे ‘दर्जा’ला जुळते, द्राक्षांना नाही, हे तुम्हाला कोणी शिकवावे लागले नाही. तोच विचार करून ‘वॉज’ लिहा. उपपदांच्या बाबतीत मात्र, म्हणजे ‘द’ कुठे हवा आणि कुठे नको यासाठी, मराठी आपल्याला मदत करत नाही, कारण मराठीत उपपद नाही. तिथे नियम आणि भरपूर वाचन यांना पर्याय नाही.

चुकांच्या वहीबद्दल आणखी एक गोष्ट. चूक झाली की केवळ बरोबर उत्तर लिहू नका, तर ती का झाली हे लिहा : नियमच माहीत नव्हता, माहीत होता पण दिसला नाही, मराठीची ओढ होती, की प्रश्नच नीट वाचला नव्हता. ‘चुकीचा भाग ओळखा’ आणि ‘बरोबर वाक्य ओळखा’ या दोन सूचनांमध्ये घाईत होणारा गोंधळ या शेवटच्या प्रकारात येतो आणि तो इंग्रजीचा प्रश्नच नाही. महिनाभराने वही चाळलीत, तर कोणते कारण पुन्हा पुन्हा येते हे दिसेल, आणि पुढच्या महिन्याचा अभ्यास त्यावरून ठरेल. चुकलेले प्रश्न दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि मग महिन्याने पुन्हा सोडवा, अर्थात पर्याय झाकून. दररोज नवेच प्रश्न घेण्यापेक्षा हे फेरे जास्त टिकतात.

शब्दांच्या याद्यांविषयी थोडक्यात सांगते. शब्दार्थ तुम्हाला जमतात असे तुम्हीच लिहिले आहे, तेव्हा त्यावर वेळ वाढवू नका. नवा शब्द आला तर तो वाक्यासह लिहा, कारण ‘फ्रूगल’ आणि ‘स्टिंजी’ यांतील काटकसर आणि कंजुषी हा फरक यादीतून कळत नाही आणि प्रश्नकर्ता नेमका तोच विचारतो.

इंग्रजी माध्यमाच्या मैत्रिणींची गोष्ट तुम्ही जरा जास्तच मनाला लावून घेतली आहे, असे मला वाटते. त्या कानावरून उत्तर देतात हे खरे, आणि तो कान त्यांना वर्षानुवर्षे वाचून-ऐकून मिळाला आहे. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे तुम्हीही ते लहानपणापासून शिकला आहात. कमी पडले ते वाचन. ते आजपासून भरून काढता येते आणि त्यासाठी इंग्रजी वृत्तपत्राच्या अग्रलेखापासून सुरुवात करण्याची गरज नाही. बालभारतीची इतिहास-भूगोलाची पाठ्यपुस्तके मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांत असतात आणि संकेतस्थळावर ती विनामूल्य मिळतात. सामान्य अध्ययनासाठी तुम्ही ती मराठीतून वाचलीच असतील. तोच धडा इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकातून रोज चार पाने वाचा. आशय माहीत असल्याने शब्दकोश क्वचितच उघडावा लागेल आणि ‘द’, ‘इन’, ‘ॲट’ कुठे येतात याकडे लक्ष द्यायला मन मोकळे राहील. यात सामान्य अध्ययनाची उजळणीही होते.

त्या मैत्रिणींपासून दूर राहू नका, त्यांना सोबत घ्या. आठवड्यातून एकदा तिघीचौघींनी बसून प्रत्येकीने पाच प्रश्न स्वतः तयार करून आणायचे, चारही पर्यायांसह. फसवा पर्याय तयार करायचा म्हणजे माणूस कुठे चुकतो हे ओळखावे लागते, आणि ते ओळखणाऱ्याला दुसऱ्याचा सापळा लगेच दिसतो. कानावरून उत्तर देणारीला ‘हे असेच का’ असे विचारा. नियम तुम्हाला सांगता येईल, वाक्य तिला सुचेल, आणि दोघींचे काम होईल.

भावाच्या सल्ल्यामागे तुमची काळजी आहे, पण हिशेब त्याच्या बाजूने नाही. संयुक्त मुख्य परीक्षेच्या पहिल्या पेपरमध्ये मराठी आणि इंग्रजी मिळून १०० प्रश्न आणि २०० गुण असतात. मराठीत बहुतेक गंभीर उमेदवार चांगले गुण मिळवतात, त्यामुळे तिथे आणखी जोर देऊन फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो इंग्रजीत. चुकीच्या उत्तराला पाव भाग गुण वजा होतात, म्हणजे चार चुका एका बरोबर उत्तराचे गुण घेऊन जातात. दोन पर्याय कारणासह बाद करता आले, तर उरलेल्या दोनपैकी एक निवडणे सरासरीने फायद्याचे असते. चारही पर्याय सारखेच अनोळखी वाटत असतील, तर तो फायदा जवळपास उरत नाही आणि प्रश्न सोडणे शहाणपणाचे. पर्याय बाद करण्याचे हे कौशल्य वर सांगितलेल्या एका ओळीच्या कारणांतूनच येते. या पेपरला एक तास असतो, म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद. म्हणून रविवारी एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. त्या दिवशी पर्याय झाकू नका. उत्तरे तपासताना आयोगाची अंतिम उत्तरतालिका घ्या, कारण पहिल्या तालिकेवर हरकती घेतल्या जातात आणि काही उत्तरे बदलतात किंवा प्रश्न रद्द होतात.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. शालेय शिष्यवृत्ती परीक्षेसाठी मुलांकडून इंग्रजीचे प्रश्नसंच सोडवून घेणाऱ्या पालकांनीही पर्याय झाकण्याची हीच रीत ठेवावी, आणि मुलाला गुण विचारण्याआधी ‘हा पर्याय का नाही’ असे विचारावे. जे बँकेच्या अधिकारी पदाची तयारी करत आहेत त्यांना मुख्य परीक्षेत इंग्रजीतून वर्णनात्मक लेखनही करावे लागते, आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. अशांनी बहुपर्यायी प्रश्नांवर थांबू नये, रोज एक परिच्छेद स्वतः लिहावा.

राहिला पुण्याच्या क्लासचा प्रश्न. आज तो लावू नका, पण दारही बंद करू नका. आयोगाची एक अशी जुनी प्रश्नपत्रिका बाजूला काढून ठेवा जी तुम्ही अजून पाहिलेली नाही, आणि तीन महिन्यांनंतरची तारीख तिच्यावर लिहून भावाला सांगा. त्या तारखेला ती सोडवून चुकांची कारणे वहीशी ताडून पाहा. गुण वाढलेले असतील, तर क्लासची गरज उरत नाही. एखाद्याच प्रकारात अडत असेल, तर आधी सांगलीतच असा शिक्षक शोधा जो तुम्ही लिहिलेली वाक्ये तपासून देईल. तसा कोणी मिळाला नाही तर मग पुण्याचा विचार करा, आणि तिथे फी भरण्यापूर्वी एवढेच विचारा, की प्रत्येक विद्यार्थ्याचे लेखन कोण तपासते आणि आठवड्यातून किती वेळा.